काय ठेवायचं, हे आधी ठरतं

बाळाला तेल लावताना किंवा आंघोळ घालताना उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक हाताला लागतं. बाळ तर हसतंय, खेळतंय, दूध पितंय. ताप नाही, कावीळ नाही. घरात कुणी म्हणतं गॅस धरला असेल, कुणी म्हणतं जंत झाले असतील. पोटावर हिंग लावण्यात काही दिवस जातात, आणि मग सोनोग्राफीत यकृतात मोठी गाठ दिसते. लहान मुलांच्या यकृताच्या कर्करोगाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. गाठ बराच काळ दुखत नाही, म्हणून ती सापडते तेव्हा अनेकदा अर्धं पोट व्यापून बसलेली असते.

या वयात यकृतातच उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा म्हणजे हेपॅटोब्लास्टोमा. तसा तो दुर्मीळ आहे: वर्षाला दहा लाख मुलांमागे साधारण एक ते दोन. बहुतेक रुग्ण तीन वर्षांच्या आतले असतात. दिवस भरण्याच्या खूप आधी, अगदी कमी वजनाची जन्मलेली बाळं किंवा बेकविथ-वीडमन सिंड्रोमसारखा जन्मजात दोष असलेली मुलं यांना धोका अधिक. पण बऱ्याच मुलांच्या बाबतीत असं कुठलंच कारण हाती लागत नाही. आईनं गरोदरपणात काय खाल्लं, काय उचललं, यात त्याचं मूळ शोधू नये. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांना नातेवाईक नेमकं हेच विचारत राहतात.

रक्तातल्या एएफपी नावाच्या प्रथिनाची तपासणी निदानाला मोठी मदत करते. बहुतेक हेपॅटोब्लास्टोमात तिचा आकडा प्रचंड वाढलेला असतो. सिस्प्लॅटिन हे औषध या गाठीवर चांगलं चालतं. पण नुसत्या औषधानं हा आजार सहसा संपत नाही. गाठ शस्त्रक्रियेनं पूर्ण निघावी लागते, आणि इथूनच प्रतिमांचं काम सुरू होतं.

आपल्याला वाटतं, सीटी किंवा एमआरआय काढायचा तो गाठ पाहण्यासाठी. गाठ किती मोठी, कुठे आहे, हे तर साध्या सोनोग्राफीतही बऱ्यापैकी कळतं. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर ती चित्रं उघडतो तेव्हा त्याची नजर गाठीच्या कडेला, निरोगी राहिलेल्या यकृताकडे जाते. तो भाग पुरेसा आहे का? त्यात रक्त नेणारी वाहिनी शाबूत आहे का? त्यातलं रक्त बाहेर नेणारी शिरा उरेल का? त्यातलं पित्त वाहून जाईल का? या चारही प्रश्नांना होकार आला, तरच गाठ काढता येते. यकृताच्या शस्त्रक्रियेचं नियोजन म्हणजे मुख्यतः उरणाऱ्या तुकड्याचं नियोजन, आणि प्रगत इमेजिंगनं गेल्या तीस-पस्तीस वर्षांत खरी प्रगती केली ती याच बाबतीत.

बाहेरून पाहिलं तर यकृत एकसंध, तपकिरी-लाल, गुळगुळीत दिसतं. आत कुठे कुठला भाग संपतो, याची पृष्ठभागावर खूण नसते. समोर दिसणाऱ्या एका पडद्यासारख्या बंधामुळे उजवा आणि डावा भाग वेगळा होतो, असं शरीररचनेची पुस्तकं कित्येक वर्षं सांगत होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हाँगकाँगमध्ये काम केलेल्या जेम्स कँटली या डॉक्टरनं शवविच्छेदनात एक यकृत असं पाहिलं की ज्याची उजवी बाजू आक्रसलेली आणि डावी फुगलेली होती. पण दोन्हींमधली सीमा त्या बंधापाशी नव्हतीच. ती पित्ताशयापासून मागच्या महाशिरेकडे जाणाऱ्या रेषेवर होती. खरी विभागणी रक्तपुरवठ्याची आहे, हे त्यातून पुढे आलं.

त्यानंतरचं मोठं काम फ्रान्समधल्या क्लोद कुइनो यांचं. मृतांच्या यकृतातल्या वाहिन्यांत ते प्लास्टिक भरत. ते घट्ट झालं की भोवतालचा मांसल भाग रसायनानं विरघळवून टाकत. मागे उरत ती फक्त वाहिन्यांची रंगीत जाळी. असे शंभराहून अधिक साचे अभ्यासून १९५७ मध्ये त्यांनी यकृताचे आठ खंड मांडले. प्रत्येक खंडाला स्वतःची आत येणारी रक्तवाहिनी आणि स्वतःची पित्तनलिका. आजही जगभरातले सर्जन त्याच आकड्यांत बोलतात: ‘गाठ पाच-आठमध्ये आहे, दोन-तीन मोकळे आहेत.’

दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून पाहा. एक हात म्हणजे आतड्याकडून रक्त आणणारी पोर्टल शिरा आणि तिच्या फांद्या. दुसरा हात म्हणजे रक्त वर हृदयाकडे नेणाऱ्या तीन यकृत शिरा. पोर्टलच्या फांद्या खंडांच्या मधोमध जातात, तर यकृत शिरा दोन विभागांच्या सीमेवरून. सर्जनला कापायचं असतं ते सीमेवरून, म्हणजे नेमकं त्या शिरांच्या अंगाअंगानं. मधली यकृत शिरा गाठीला चिकटली असेल तर ती ठेवायची की द्यायची, यावर सगळं गणित बदलतं. रक्त आत येतंय पण बाहेर जायला वाट नाही, असा तुकडा मागे ठेवला तर तो रक्त साचून फुगतो आणि काम करत नाही. चित्रात त्याचं आकारमान पुरेसं दिसेल, पण त्याचा उपयोग होणार नाही.

कुइनोंना यासाठी यकृत विरघळवावं लागलं. जिवंत बाळाच्या पोटात तीच जाळी पाहायची तर कॉन्ट्रास्ट सीटी लागतो. दहा किलोच्या मुलाला साधारण वीस मिलिलिटर औषध शिरेतून दिलं जातं. आधी ते धमन्यांत उजळतं, काही सेकंदांनी पोर्टल शिरेत आणि मग यकृत शिरांत. योग्य क्षण साधला तर वाहिन्या स्वच्छ दिसतात. मोठ्या माणसांसाठी ठरलेल्या वेळा इथे चालत नाहीत. लहानग्याचं हृदय भरभर चालतं, औषध लवकर पुढे सरकतं. शिवाय बाळाची यकृताची धमनी असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. आणि मोठ्यांसारखे तीन-चार टप्पे सरसकट घेत बसलं तर किरणांचा मारा वाढतो, जो वाढत्या पेशींना अधिक बाधतो. म्हणून बालरुग्णालयातला अनुभवी रेडिओलॉजिस्ट कमीत कमी टप्प्यांत जास्तीत जास्त माहिती मिळेल अशी आखणी करतो. याला कौशल्य लागतं, आणि दुर्दैवानं ते प्रत्येक स्कॅन सेंटरवर नसतं.

एमआरआयमध्ये किरणांचा प्रश्न नाही. पण बाळ मिनिटाला तीसएक वेळा श्वास घेतं आणि ‘श्वास रोखून धर’ असं त्याला सांगता येत नाही. यंत्र श्वासाच्या लयीशी जुळवून घेऊन प्रतिमा टिपतं. लहान तान्ह्यांना कधी दूध पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपवून काम भागतं. त्याहून मोठ्यांना भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झोप द्यावी लागते. एवढा खटाटोप करायचा, कारण एमआरआय एक गोष्ट सीटीपेक्षा चांगली सांगतो. गॅडोक्सेटेट नावाचं कॉन्ट्रास्ट आहे, त्याचा जवळजवळ अर्धा हिस्सा यकृताच्या निरोगी पेशी शोषून घेतात आणि पित्तात टाकतात. इंजेक्शननंतर साधारण वीस मिनिटांनी प्रतिमा घेतली की निरोगी यकृत उजळ दिसतं आणि ज्या गाठीत तशा पेशी नाहीत ती काळी. मोठ्या गाठीपासून दूर दुसऱ्या बाजूला लपलेला अर्ध्या सेंटिमीटरचा ठिपका इथे सापडू शकतो. तोच जर ठेवायच्या भागात निघाला, तर आधीची सगळी योजना रद्द होते.

चित्र चांगलं आलं, तरी ते सगळ्यांनी एकाच भाषेत वाचायला हवं. दुर्मीळ आजारात हे फार महत्त्वाचं, कारण एका देशात संशोधनापुरते रुग्णच नसतात. १९९० मध्ये युरोपातल्या सिओपेल गटानं मुलांच्या यकृत-गाठींचा आपला पहिला मोठा अभ्यास सुरू केला तेव्हा ‘प्रीटेक्स्ट’ ही पद्धत आणली: उपचारापूर्वी आजार कुठवर पसरलाय, याची मोजणी. आठ खंडांचे चार विभाग करायचे आणि गाठीनं न स्पर्शलेले, एकमेकांना लागून असलेले किती विभाग मोकळे आहेत ते पाहायचं. तीन मोकळे असले तर पहिली पायरी, दोन मोकळे तर दुसरी, एकच मोकळा तर तिसरी आणि एकही नाही तर चौथी. गाठीच्या सेंटिमीटरना इथे महत्त्व नाही. मोजलं जातं ते उरलेलं यकृत, आणि मला ही पद्धत म्हणूनच फार शहाणपणाची वाटते. तिच्या जोडीला अक्षरं येतात: व्ही म्हणजे यकृत शिरा किंवा महाशिरा वेढलेल्या, पी म्हणजे पोर्टल शिरा, एफ म्हणजे एकाहून जास्त गाठी, आर म्हणजे गाठ फुटलेली, एम म्हणजे दूरवर पसरलेली. छातीचा सीटी या शेवटच्या अक्षरासाठी असतो. साधारण पाचातल्या एका मुलात निदानाच्या वेळीच फुप्फुसांत ठिपके असतात. पुढे युरोप, अमेरिका आणि जपानच्या गटांनी आपली माहिती एकत्र केली. १,६०५ मुलांच्या त्या नोंदींतूनही प्रीटेक्स्टची पायरी आणि ही अक्षरं आजाराच्या परिणामाशी जोडलेली आहेत, हे दिसून आलं.

पण चित्राचीही चूक होते, आणि ती कुठल्या बाजूला होते हे जाणून घेण्यासारखं आहे. सिओपेलच्या त्या पहिल्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधीची पायरी आणि काढलेल्या यकृताची प्रत्यक्ष तपासणी ताडून पाहिली गेली. निम्म्या मुलांतच दोन्ही जुळलं, ५१ टक्क्यांत. १२ टक्क्यांत आजार चित्रात दिसला त्याहून जास्त निघाला. आणि ३७ टक्क्यांत तो चित्रापेक्षा कमी निघाला. मोठी गाठ शेजारच्या विभागाला ढकलते, दाबून पातळ करते. चित्रात वाटतं तिनं तो गिळलाय. दाबलेला आणि व्यापलेला यांतला फरक ओळखणं हे आजही या कामातलं सर्वांत अवघड वाचन आहे. तेव्हाची यंत्रं आजच्याइतकी तल्लख नव्हती हे खरं, पण चुकांचा कल ध्यानात ठेवायला हवा. चित्रावरून ‘शस्त्रक्रिया अशक्य’ असं सांगितलं गेलेलं एखादं मूल प्रत्यक्षात शस्त्रक्रियेनं बरं होण्यासारखं असू शकतं.

या गोंधळावर केमोथेरपी मोठा उपाय ठरली. युरोपात बहुतेक सगळ्यांना आधी केमो देतात; अमेरिकेत गाठ लहान आणि मुख्य वाहिन्यांपासून एक सेंटिमीटरहून दूर असेल तर थेट शस्त्रक्रिया. केमोनं गाठ आकसली की दाबलेला भाग पुन्हा फुगतो आणि वाहिनीपाशी निरोगी फट दिसू लागते. म्हणून केमोच्या दोन सायकलींनंतर, म्हणजे औषधाच्या दोन फेऱ्यांनंतर, पुन्हा प्रतिमा काढून पायरी नव्यानं ठरवतात. बहुतेक आकुंचन याच पहिल्या दोन सायकलींत होऊन जातं. आणखी थोडी लहान होईल, मग बघू, असं म्हणत डोस वाढवत नेणं बरं नव्हे; सिस्प्लॅटिननं मुलांच्या कानांना इजा होते. सिओपेलच्याच पुढच्या एका अभ्यासात नुसतं सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ६३ टक्के मुलांची श्रवणशक्ती कमी झाली होती. सोबत सोडियम थायोसल्फेट दिलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. बोलायला शिकण्याच्या वयात ऐकू येणं कमी होणं ही केवढी किंमत आहे! योग्य वेळी काढलेला आणि योग्य वाचलेला स्कॅन एखादी सायकल वाचवतो, तेव्हा कानही वाचवतो.

आता त्रिमितीय मांडणीकडे वळू. सीटीचे शेकडो काप संगणक एकावर एक रचतो. धमनी लाल, पोर्टल निळी, गाठ पिवळी असे रंग देऊन यकृत पडद्यावर फिरवता येतं, पारदर्शक करता येतं, मागून पाहता येतं. चीनमधल्या छिंगदाओ इथल्या विद्यापीठ रुग्णालयात बालशल्यचिकित्सक डोंग छियान यांच्या गटानं हायसेन्स या कंपनीबरोबर अशी एक प्रणाली खास मुलांच्या यकृतासाठी घडवली. टीव्ही बनवणारी कंपनी आणि पोरांचे सर्जन एकत्र बसले, कारण मोठ्यांसाठीच्या प्रणाली बाळाच्या बारीक वाहिन्यांत अडखळत होत्या.

या पडद्यावर सर्जन आधी ‘कापून’ पाहतो. समजा, दहा किलोचं मूल आहे. त्याच्या शरीराचं पृष्ठफळ साधारण ०.४७ चौरस मीटर. जपानमधल्या उराता यांनी १९९५ मध्ये पृष्ठफळावरून यकृताचं आकारमान काढायचं सूत्र दिलं. त्यानुसार या मुलाला सुमारे ३३० मिलिलिटर यकृत हवं. पोटात गाठीसकट एक लिटर भरत असेल, तर तो आकडा फसवा आहे. गाठ वजा करायची. उरणाऱ्या तुकड्याला किमान पंचवीस ते तीस टक्के यायला हवेत, म्हणजे ८० ते १०० मिलिलिटर. गाठीच्या बाहेरचं मुलांचं यकृत सहसा निरोगी असतं, दारूनं किंवा जुन्या काविळीनं कडक झालेलं नसतं, त्यामुळे एवढ्यावरही ते काही आठवड्यांत वाढून गरज भागवतं. तेव्हा दुसरा आणि तिसरा खंड मिळून १२० मिलिलिटर भरले, त्यांची डावी यकृत शिरा मोकळी असली, तर बाकी सगळं काढण्याचा निर्णय घेता येतो.

धमन्यांबाबत मात्र कुणीच काही गृहीत धरू नये. नायकोलस मिशेल्स यांनी दोनशे शवांचा अभ्यास केला, त्यात पुस्तकातल्यासारखी रचना सापडली ५५ टक्क्यांत. कुणाच्या उजव्या भागाची धमनी आतड्याच्या धमनीतून निघते, कुणाच्या डाव्याची जठराच्या. ठेवायच्या तुकड्याची धमनी अशी आडवाटेनं येत असेल आणि सर्जनला ते आधी ठाऊक नसेल, तर गाठीच्या बाजूची समजून तीच बांधली जाऊ शकते. मोठ्या माणसाच्या शरीरात चुकीला थोडी सवड असते. या दहा किलोच्या मुलात एकूण रक्तच आठशे मिलिलिटरच्या आसपास. दोनशे मिलिलिटर सांडलं की पाव रक्त गेलं. कुठली शिरा कितव्या सेंटिमीटरवर लागेल हे आधी माहीत असणं म्हणजे प्रत्यक्षात त्या मुलाचं रक्त वाचवणं.

पोट उघडल्यावर यकृत चित्रातल्यासारखं राहत नाही. बंध सोडवून ते वळवलं की त्याचा आकार बदलतो. म्हणून सर्जन सोनोग्राफीचा छोटा प्रोब थेट यकृताच्या अंगावर ठेवून शिरा पुन्हा शोधतो आणि पडद्यावरची रेषा पृष्ठभागावर आखून घेतो. त्याच्या जोडीला अलीकडे इंडोसायनिन ग्रीन आलं आहे. हा हिरवा रंग नवा नाही, अमेरिकेत त्याला १९५९ मध्येच मान्यता मिळाली होती. शिरेतून दिला की यकृत तो उचलून पित्तात टाकतं आणि निरोगी भाग लवकरच स्वच्छ होतो. हेपॅटोब्लास्टोमाच्या पेशी तो उचलतात, पण बाहेर टाकू शकत नाहीत. शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी इंजेक्शन दिलं तर जवळ-अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्यात गाठ उजळून दिसते. जपानी सर्जननी हा गुण फुप्फुसांतल्या ठिपक्यांसाठी वापरला, आणि मला यातलं सर्वांत मोलाचं काम तेच वाटतं. यकृतातून गेलेल्या पेशी फुप्फुसातही आपला स्वभाव सोडत नाहीत, त्यामुळे बोटांना न लागणारे दोन-तीन मिलिमीटरचे ठिपकेही चमकतात आणि काढता येतात. मर्यादा दोन आहेत. प्रकाश जेमतेम एक सेंटिमीटर खोल पोहोचतो, आणि कधी निरुपद्रवी गाठीही चमकतात. म्हणून चमकलं ते सगळं कर्करोग, असं धरत नाहीत.

काही मुलांत केमोनंतरही चारही विभाग व्यापलेले राहतात, किंवा यकृतात येणाऱ्या अथवा बाहेर जाणाऱ्या सगळ्या मुख्य शिरा वेढलेल्या असतात. ठेवण्यासारखं काहीच नसतं. अशा वेळी पूर्ण यकृत काढून प्रत्यारोपण करतात. थॉमस स्टार्झल यांनी १९६७ मध्ये डेन्व्हर इथे ज्या प्रत्यारोपणात पहिल्यांदा दीर्घ यश मिळवलं, ती रुग्ण यकृताचा कर्करोग असलेली एकोणीस महिन्यांची मुलगी होती. ती वर्षाहून अधिक जगली. आज हा नेहमीचा उपचार आहे, पण तो वेळेत ठरावा लागतो. दुसऱ्या सायकलीनंतरच्या प्रतिमा प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांनी तेव्हाच पाहिल्या, तर चौथ्या सायकलीच्या सुमारास शस्त्रक्रिया होऊ शकते. सर्व डोस संपल्यावर धावपळ सुरू झाली तर मधल्या काळात गाठ पुन्हा डोकं वर काढते.

महाराष्ट्रातल्या आई-वडिलांसाठी एक साधी गोष्ट इथे सांगावीशी वाटते. जिल्ह्याच्या गावी काढलेला स्कॅन घेऊन लोक परळच्या टाटा रुग्णालयात किंवा पुण्या-मुंबईच्या बालशल्यचिकित्सकाकडे येतात, तेव्हा हातात फिल्म आणि दोन पानांचा रिपोर्ट असतो. फिल्मवर निवडक चित्रंच छापलेली असतात. त्यातून त्रिमितीय मांडणी होत नाही, आकारमान मोजता येत नाही. मूळ डिजिटल प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्ह सेंटरकडून मागून घ्यावी. शक्य असेल तर स्कॅन काढण्याआधीच मोठ्या रुग्णालयाला विचारावं, कारण चुकीच्या टप्प्यावर काढलेला सीटी पुन्हा काढावा लागतो, आणि त्यात मुलाला पुन्हा झोप द्यायची, पुन्हा किरण.

आपल्याकडे प्रत्यारोपणासाठी मुलांना यकृत मिळतं ते बहुतेकदा आई किंवा वडिलांकडून. मग तेच कॉन्ट्रास्ट, तेच काप, तीच मोजणी दात्याच्या यकृतावर होते. दात्याचा दुसरा आणि तिसरा खंड घ्यायचा असतो, प्रौढ यकृताचा साधारण पाचवा हिस्सा, अडीचशे मिलिलिटरच्या आसपास. दात्याकडे किती उरेल, त्याची शिरा कुठे कापता येईल, पित्तनलिका एक आहे की दोन, हे आधी पाहतात. दहा किलोच्या मुलाला हा तुकडा छान बसतो. सहा किलोच्या बाळाला तोच मोठा होतो, पोट बंद करता येत नाही. मग तो आणखी कमी करून बसवतात, आणि नेमका किती कमी करायचा, हे दात्याच्या आणि बाळाच्या सीटीवर शस्त्रक्रियेच्या आधीच मोजून ठेवलेलं असतं.